सावकाशीची लगबग

मनुष्यप्राण्यास एखादी गोष्ट सहजगत्या करता येत असते तोवर तिचे त्याला कवडीचे कौतुक नसते. ती करता येईनाशी झाली म्हणजे मात्र तिचे शास्त्र जन्माला येते, शास्त्रापाठोपाठ वर्ग निघतात, वर्गांपाठोपाठ प्रमाणपत्रे येतात, आणि सरतेशेवटी त्या प्रमाणपत्रांना चौकटी करून देणाऱ्या कारागिराचा धंदा तेवढा बरकतीस येतो. चालणे, श्वास घेणे, झोपी जाणे आणि गप्प बसणे या चार विद्या या मार्गाने यापूर्वीच गेल्या. सावकाश जगणे ही पाचवी विद्या अलीकडे त्यांच्या पंगतीस येऊन बसली असून, तिच्या प्रचारकांची धावपळ पाहिली, एका गावचा वर्ग आटोपून दुसऱ्या गावचा वर्ग गाठण्यासाठी त्यांनी महामार्गावर मोटारी कशा पिटाळल्या हे त्यांच्याच तोंडून ऐकले, म्हणजे या विद्येची निकड कोणास अधिक आहे याविषयी शंका उरत नाही.

या विद्येचे एक उपकलम खास कलावंतांसाठी राखून ठेवलेले आहे. ज्याला काही निर्माण करावयाचे आहे, मग ती कविता असो, चित्र असो, बंदिश असो, की निदान एखादा किरकोळ ललितलेख असो, त्याने आधी आपले जिणे मंद करावे, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत बंदोबस्तात ठेवावा, तोंडातला प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा, म्हणजे अंतःकरणाच्या तळाशी दडून बसलेली प्रतिभा आपोआप पृष्ठभागावर येते, असा या कलमाचा मजकूर आहे. पहिल्या तिन्ही अटी आरोग्यास हितावह असल्याने त्यांबद्दल माझी हरकत नाही. प्रतिभेच्या आपोआप वर येण्याची तेवढी कोणी खातरजमा करून दिलेली नाही.

या चळवळीचे मूळपीठ इटलीत आहे. १९८६ साली रोम शहरातल्या त्या प्रख्यात स्पॅनिश पायऱ्यांजवळ एका अमेरिकन कंपनीचे झटपट खाण्याचे दुकान निघणार म्हणून तेथील खवय्ये खवळले, आणि कार्लो पेत्रिनी नावाच्या पत्रकार गृहस्थाने, निषेधाच्या घोषणांबरोबर, त्या देशातली शेवयांच्या जातीची पक्वान्ने वाडग्यांतून वाटली. पुढे १९८९ साली पॅरिसला या मंडळींचा रीतसर जाहीरनामा निघाला आणि गोगलगाय हे चळवळीचे बोधचिन्ह ठरले. दुकान मात्र ठरल्याप्रमाणे उघडले. मला स्वतःला या इतिहासातला सर्वांत आवडलेला भाग हा की, घाईचा निषेध करण्यासाठी जमलेल्या लोकांनी प्रथम जेवून घेतले. यात काही संस्कृती आहे. (पुण्यातील दुकानदारांच्या दुपारच्या विश्रांतीचा उल्लेख या ठिकाणी वाचकांस अपेक्षित असेल. त्या विषयावर आजवर इतका विनोद झालेला आहे की, तो करणाऱ्यांनीच आता दुपारी थोडे पडून घ्यावे.)

आमचे मेहुणे एका कारखान्यात हिशेबनीस होते. निवृत्त झाल्यावर, आयुष्यभर जमाखर्चाच्या बाडाखाली आपल्यातला एक कवी दडपला गेला, असा त्यांना साक्षात्कार झाला आणि त्या कवीच्या सुटकेसाठी ते मुळशीच्या जलाशयाकाठी भरणाऱ्या एका ‘संथ जीवन आणि सर्जन’ शिबिरास जाऊन आले. शिबिराचे छापील कार्यक्रमपत्रक त्यांनी मला दाखविले. त्यात पहाटे साडेपाचला उत्थान होते, पावणेसहा ते सव्वासहा मौन पदभ्रमण होते, सव्वासहा ते सहा पस्तीस सजग चहापान होते, आणि असे करीत करीत सायंकाळच्या सूर्यास्तदर्शनापर्यंत पाचपाच मिनिटांच्या हिशेबाने माणसाला सावकाश ठेवण्याची अशी चोख तजवीज केलेली होती की, पेशवाईतल्या एखाद्या फडणिसाने मान डोलवावी. पत्रकाच्या तळाशी, ‘सूर्यास्तास विलंब झाल्यास पुढील सत्रास प्रवेश मिळणार नाही,’ अशी ताकीदही होती. ती शिबिरार्थींना होती की सूर्याला, हे वाक्यरचनेवरून स्पष्ट होत नव्हते. सजग चहापानाविषयी मेहुण्यांचा अनुभव असा की, पहिल्या पाच मिनिटांत कपाकडे पाहावयाचे, पुढल्या पाच मिनिटांत त्याचा ऊष्मा तळहाताला जाणवून घ्यावयाचा, आणि पिण्याची परवानगी मिळेतो तो ऊष्मा स्मृतिरूपाने शिल्लक राहिलेला असे.

हे वर्णन ते रंगात येऊन करीत असता आमचे कुटुंब पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले आणि भावाच्या हाती बशी देत म्हणाले, “ते सगळं खरं रे दादा, पण त्या वीस मिनिटांच्या चहाचं आधण कोणी ठेवलं होतं?”

मेहुणे थांबले. आधणाकडे सजगतेने पाहण्याचा अभ्यासक्रमात अंतर्भाव नव्हता. मग आठवून त्यांनी सांगितले, की पलीकडच्या वाडीतल्या दोन बाया पहाटे चारला अंधारात चालत येत, आणि शिबिरार्थी मौन पदभ्रमणास निघाले असता त्याच वाटेने पाण्याच्या कळश्या घेऊन लगबगीने परत येताना दिसत. मौन असल्यामुळे त्यांच्याशी बोलता येत नसे.

कुटुंब “हं,” एवढेच म्हणून आत गेले. मला मात्र त्या एका हुंकाराने या विषयाची सगळी जमाबंदी नव्याने मांडावी लागली. सावकाशी ही काही आकाशातून पडणारी वस्तू नव्हे. ती कोणीतरी कोणाकडून तरी उसनी घेतलेली असते, आणि एकाच्या सावकाशीला दुसऱ्या कोणाची तरी लगबग तारण पडलेली असते. तेव्हा एखादा कलावंत सावकाश जगतो आहे असे दिसले, की त्याची मुद्रा किती प्रशांत आहे हे न पाहता, त्या प्रशांततेचा सारा कोण भरतो आहे हे आधी पाहावे, अशी मी स्वतःला सवय लावून घेतली आहे.

या सवयीने मी आमचे एक स्नेही पाहिले. हे गृहस्थ कादंबरी लिहितात. त्यांच्या मेजावर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला जाड, किंचित पिवळसर, कडा न कापलेला कागद आहे; शाईची दौत आहे; तीन प्रकारचे टाक आहेत; डाव्या हाताला तांब्याभांडे आहे; आणि खिडकीतून एके काळी पर्वती दिसत असे, ती समोर इमारत उठल्यामुळे दिसेनाशी झाली, तेव्हा निर्मितिप्रक्रियेस व्यत्यय आल्याचे त्यांनी मित्रमंडळींना रीतसर कळविले होते. त्या दिवसापासून प्रक्रिया नेमकी कोठे अडली आहे हे विचारण्याची सोय उरलेली नाही. तरी भेट झाली म्हणजे जनरीत म्हणून मी विचारतो,

“काय म्हणते कादंबरी?”

“मुरते आहे,” ते डोळे अर्धवट मिटून सांगतात.

लोणचे मुरण्यासाठी बरणीत आधी कैऱ्या घालाव्या लागतात, हे त्यांना सुनावण्याचा मोह मी आजवर आवरला आहे, कारण त्यांच्या पत्नी, ज्या बँकेतली नोकरी, घर आणि सासूबाईंचे औषधपाणी सांभाळून संध्याकाळी सहाला घामाघूम होऊन परत येतात, त्या त्याच वेळी चहा घेऊन समोर उभ्या असतात, आणि तो चहा पिताना मला आमच्या कुटुंबाचा हुंकार ऐकू येतो.

याउलट खरी सावकाशी ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पुण्याच्या लॉ कॉलेजच्या रस्त्याने, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे जावे. या संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली हे पुण्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ती कशी तयार झाली हे ठाऊक असणारे थोडे, आणि ते ठाऊक असूनही त्या फाटकासमोरून भोंगा न वाजविता जाणारे त्याहून थोडे. कामाचा प्रारंभ १ एप्रिल १९१९ रोजी झाला. पाश्चात्त्य देशांत या तारखेस एकमेकांचे काय करतात याची शास्त्रीमंडळींनी पर्वा केली नाही. मंगलाचरणाच्या श्लोकापासून पाठ नोंदवण्याचा पहिला मान सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना देण्यात आला. त्यांचे वय त्या वेळी ८१ वर्षांचे होते. ज्या वयात माणूस पान वाढून होईपर्यंतही थांबायला राजी नसतो, त्या वयात अर्धशतक चालणाऱ्या कामाचा नारळ फोडायला जो उभा राहतो, त्याला सावकाशीचे शिबिर कोणत्या तोंडाने शिकवावे?

काम कसे चाले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. फुलस्केप आकाराचा एक कागद उभ्याआडव्या रेघांनी आखून त्यावर चौकोन पाडलेले असत. माथ्यावरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक लिहावयाचा, तो एका चौकोनात एक अक्षर या शिस्तीने. त्याखाली प्रत्येक हस्तलिखितास स्वतःची एकेक ओळ नेमून दिलेली. काश्मीरचे शारदा लिपीतले हस्तलिखित असो, नेपाळचे असो, बंगालचे असो, तेलुगू, ग्रंथ वा मलयाळम लिपीतले असो, त्यात जेथे एखादे अक्षर निराळे आढळेल तेथे, त्या ओळीत, मूळ अक्षराच्या बरोबर खालच्या चौकोनात ते नोंदवावयाचे आणि पुढच्या अक्षराकडे वळावयाचे. अनुष्टुभ छंदातल्या श्लोकाची अक्षरे ३२. दहा हस्तलिखिते ही किमान मर्यादा. पुष्कळ भागांना वीस, काहींना तीस, आणि आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांना तर तब्बल ६० हस्तलिखिते लावलेली. घास बत्तीस वेळा चावण्याचा जो उपदेश वर येऊन गेला, त्याची अक्षरशः अंमलबजावणी जगात कोणी केली असेल तर ती या पुणेरी शास्त्र्यांनी, आणि तीही घास दुसऱ्याचा असताना.

या मंडळींना आपण संथ जीवनपद्धती अंगीकारली आहे असे क्षणभर तरी वाटले असेल, हे मला संभवनीय वाटत नाही. आपल्याला उशीर होतो आहे असेच त्यांना वाटत असणार. ज्या कामाचा पैसा औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या लाख रुपयांच्या अभिवचनापासून लहानमोठ्या देणग्यांपर्यंत चहूकडून गोळा करावयाचा, त्या कामाला ‘कोठवर आले?’ हा प्रश्न चुकत नाही. औंधकर महाराज स्वतः सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते होते, त्यामुळे, तीच ती क्रिया रोज पहाटे नव्याने करावयाची आणि दिवसाअखेर डोळ्यांना दिसेल असे काही हाती लागावयाचे नाही, या व्यवहाराचे मोल इतर दात्यांपेक्षा त्यांना अधिक कळत असावे, अशी माझी समजूत आहे. १९२३ साली विराटपर्व नमुन्यादाखल छापून देशोदेशींच्या पंडितांकडे अभिप्रायार्थ धाडण्यात आले. पंडितांकडून अभिप्राय मागविणे म्हणजे काय, हे ज्यांनी मागविले आहेत त्यांना सांगावयास नको. १९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे संपादनाची सूत्रे आली आणि नुसते आदिपर्व हातावेगळे व्हायला १९३३ साल उजाडले. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकलेले होते; एका पर्वाला इतकी वर्षे, तर अठरा पर्वांना किती, हे त्रैराशिक त्यांना मांडता येत नव्हते असे समजण्याचे कारण नाही. त्याचे उत्तर त्यांच्या आयुर्मर्यादेच्या पलीकडे पडत होते. तरीही ते कामावर रुजू होत राहिले. १९४३ च्या जानेवारीत, महाभारताच्या अर्थासंबंधी मुंबईस चालू असलेल्या व्याख्यानमालेतले चौथे व्याख्यान व्हायचे राहिले असताना, त्यांचे निधन झाले. पुढे बेलवलकरांनी धुरा घेतली, त्यांच्यामागून परशुराम लक्ष्मण वैद्यांनी. आणि १९६६ च्या सप्टेंबरात, राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत, १९ खंडांचे काम पुरे झाल्याचे जाहीर करण्यात आले. मध्यंतरी एक महायुद्ध होऊन गेले होते, एक साम्राज्य मोडीत निघाले होते आणि औंध संस्थानही विलीन झाले होते. चौकोन तेवढे भरत राहिले होते.

या आवृत्तीत एक बारीकशी गंमत आहे आणि ती माझ्या विषयाच्या इतकी पोटात शिरणारी आहे की, तिच्यासाठी थोडे थांबणे भाग आहे. महाभारताच्या लेखनाची कथा आपणां सर्वांना लहानपणापासून माहीत असते. व्यासांना लेखनिक हवा होता; गणपतीने काम पत्करले ते या अटीवर, की लेखणी एकदा चालू लागली म्हणजे मध्ये थांबणार नाही. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय त्याने एक अक्षर लिहू नये. आणि मग, पुढचे सुचेपर्यंत उसंत मिळावी म्हणून, मधून मधून असे गहन कूटश्लोक घातले, की प्रत्यक्ष बुद्धिदात्यालाही लेखणी थबकवून विचारात पडावे लागले. परंपरेने या कूटश्लोकांची संख्या ८,८०० सांगितली आहे. मुदतीच्या तगाद्याखाली लिहिणाऱ्या लेखकाची ही जगातली पहिली कैफियत म्हणावी लागेल. आणि तीत व्यास संथ जीवनाचा मुळीच पुरस्कार करीत नाहीत, तर लेखनिकाच्या डोक्यावर काम घालून स्वतःसाठी वेळ काढतात, हा त्यातला व्यवहार आमच्या कुटुंबाच्या नजरेतून सुटला नसता. पण गंमत पुढेच आहे. चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांनी सगळी हस्तलिखिते ताडून पाहता असे आढळून आले, की ही गणपतीची कथा मुळातली नव्हेच. मागाहून कोणीतरी घुसडलेली. तेव्हा त्यांनी तिला संहितेतून काढून परिशिष्टात नेऊन बसविले. न थांबता लिहून घेण्याची कथा ज्यांनी अक्षर अक्षर थांबून तपासली, त्यांच्या हातून तिची रवानगी परिशिष्टात व्हावी, यात काव्यगत न्याय आहे. आणि विघ्नहर्त्याची अशी बदली करताना त्या शास्त्र्यांचा हात क्षणभर तरी थरथरला असेल, अशी मला आशा आहे.

सावकाश कामाला सावकाश आयुष्य लागते, हा समज घालविण्यास महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण पुरेसे व्हावे. त्यांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या संपादनाच्या निमित्ताने धर्मशास्त्राचा थोडासा इतिहास जोडावा असा बेत केला आणि ती प्रस्तावना वाढत जाऊन तिचे पाच खंड झाले. पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा ते पन्नाशीचे होते, शेवटचा भाग १९६२ साली निघाला तेव्हा ब्याऐंशीचे. मधल्या काळात या गृहस्थांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली केली, विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, राज्यसभेत बसले, आणि पोटातल्या व्रणाचे दुखणेही चालविले. त्यांना मौन पदभ्रमणास कोणी बोलावले असते तर अशिलाची तारीख आहे असे त्यांनी कळविले असते. दुसऱ्या टोकाला श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशाचे २३ खंड त्यांनी अशा वेगाने काढले, की वर्गणीदार जमविणे, कंपनी स्थापणे, छापखाना उभारणे आणि हजारो लेख लिहवून घेणे ही सगळी कामे एकाच माणसाने एकाच आयुष्यात, तेही जेमतेम ५३ वर्षांच्या, केली यावर विश्वास बसत नाही. त्या ज्ञानकोशात घाईचे वळ ठिकठिकाणी दिसतात, असे जाणकार म्हणतात. जाणकारांना ते दिसले, कारण ज्ञानकोश निघाला. केतकरांनी तो मुरत ठेवला असता तर आज आपण त्यांच्या हातकागदाचे कौतुक करीत बसलो असतो. म्हणजे वेग हा मुद्दाच नव्हे. काम स्वतःच आपला काळ मागून घेते. कोणाकडून पन्नास वर्षे, कोणाकडून दहा. आणि ज्याच्याकडून मागते त्याला, आपण तो देत आहोत हे बहुधा बिल वसूल झाल्यावर कळते.

देण्याची ही रीत आणखी पुढे नेणारे एक स्थळ पुण्यातच, नदीपलीकडे येरवड्याच्या अंगाला, डेक्कन कॉलेजात आहे. तेथे १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतचा एक महाकोश हाती घेण्यात आला. ऋग्वेदापासून पुढच्या वाङ्मयात एकेक शब्द कोठे, कसा, कोणत्या अर्थाने आला, हे क्रमवार दाखवावयाचे, ही त्याची प्रतिज्ञा. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथ वाचावयाचे आणि शब्दागणिक एकेक चिठ्ठी करावयाची. हे वाचन सुमारे २५ वर्षे चालले. २५ वर्षे कोशात एक अक्षर छापले गेले नाही. लोक वाचीत होते आणि चिठ्ठ्या लिहीत होते. चिठ्ठ्या कोटीच्या घरात गेल्या. १९७६ साली डॉ. अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली पहिला भाग निघाला, आणि तेव्हापासून आजवर एकामागून एक पस्तीस खंडांपर्यंत मजल गेली असून कोशाने अद्याप पहिल्या स्वराची हद्द ओलांडलेली नाही. वर्णमालेत त्यापुढे काय काय शिल्लक आहे याची उजळणी वाचकांनी आपापल्या नातवंडांकडून करून घ्यावी.

तो चिठ्ठ्यांचा दफ्तरखाना पाहण्यास जे जातात, त्यांतल्या बहुतेकांना प्रथम हसू येते, आणि ते येऊ देण्यास हरकत नाही, मलाही आले. एखाद्या कप्प्यातून जुन्या वळणदार हस्ताक्षरातली चिठ्ठी समोर येते. तीवर एक शब्द, एक ग्रंथनाम, एक स्थलनिर्देश. लिहिणारा केव्हाच निवृत्त झालेला, बहुधा हयातही नसलेला. ही चिठ्ठी ज्या खंडात वापरली जाईल तो आपल्या डोळ्यांदेखत निघणार नाही, हे तिचा अक्षरक्रम पाहूनच त्याला कळलेले असणार. ‘ह’पासून आरंभ होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्याही त्याच नेमस्त अक्षरात लिहिलेल्या आहेत, तेथे आळसाने स्थलनिर्देश गाळलेला नाही. मेहुण्यांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी विचार करून विचारले, “पण त्याने त्या माणसाला अंतरंगात काय मिळालं?” मी म्हणालो, “महिन्याचा पगार.” ते बोलणे त्यांना रुचले नाही. परंतु पगार वेळेवर मिळणे, तो देणारे सरकार वा विद्यापीठ दरसाल ‘कोश संपला का?’ एवढेच विचारून पुन्हा अनुदान मंजूर करणारे असणे, आणि टेबलाखुर्चीवर पंखा फिरत असणे, या गोष्टी जगातल्या सर्व सजग चहापानांपेक्षा निर्मितीस अधिक पोषक असतात असे माझे मत झाले आहे. अशा कामाची लगबग निदान सरकारी तिजोरीच्या खाती पडते. पहाटे चारला अंधारातून चालत येणाऱ्या बाईच्या डोक्यावर पडत नाही. घरोघरच्या चुली मात्र तेथेही कोणीतरी पेटवीत होतेच, आणि त्यांची चिठ्ठी कोणत्याही कप्प्यात सापडत नाही.

आता मराठी ललितलेखकापुरते बोलावयाचे तर त्याला हा सगळा उपदेश निरर्थक आहे, कारण त्याचे घड्याळ त्याच्या हाती ठेवलेलेच नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, त्या दिवसापासून या प्रांतातल्या प्रतिभेचे वर्ष आश्विन अमावास्येस संपते. आषाढात संपादकांचे पत्र येते, ‘आपल्या सवडीने, सावकाश, उत्तम असे काही’ अशा शब्दांत, श्रावणात स्मरणपत्र येते, त्यात ‘सवडीने’ गळालेले असते, भाद्रपदात दूरध्वनी येतो, त्यात ‘उत्तम’ही गळते, आणि पितृपक्षात, जेव्हा अन्य कोणतेही शुभकार्य वर्ज्य असते, तेव्हा छापखान्याचा माणूस दारात उभा राहतो. मराठीतले कितीतरी उत्कृष्ट लेखन या माणसाला व्हरांड्यात बसवून झालेले आहे, आणि त्याला दिलेल्या चहाचा हिशेब वाङ्मयेतिहासकारांनी अद्याप मांडलेला नाही.

या अडचणीत परिशिष्टातली ती गणपतीची कथाच लेखकाच्या उपयोगी पडते. ती प्रक्षिप्त असेल, पण युक्ती अस्सल आहे. संपादकाला थबकवील असा एखादा कूटप्रश्न वेळीच टाकता आला, म्हणजे उत्तर येईपर्यंतची मुदत लेखकाच्या पदरात पडते. लेखासोबत छायाचित्र पाठवावे की व्यंगचित्रकाराकडून अर्कचित्र काढवून घ्यावे, या प्रश्नावर पूर्वी पुष्कळ दिवस निघत. संपादकमंडळी शहाणी झाल्यापासून आता दोन्ही पाठवा म्हणतात. शीर्षक बदलू का, असे विचारले तर जाहिरात गेली आहे असे सांगतात. या लेखापुरता मी थोडा निराळा श्लोक रचून पाहिला. मजकुरात साले पुष्कळ आली आहेत. ती इसवी सनात ठेवावीत, की आपल्या अंकाच्या परंपरेस अनुसरून शालिवाहन शकात करून द्यावीत, आणि करावयाची झाल्यास चैत्रापूर्वीच्या महिन्यांचे कसे करावे, अशी पृच्छा मी त्यांना लेखी केली आहे. संपादक आपल्या सहायकाशी मसलत करीत आहेत असे कळते. उत्तर येईपर्यंत मी येथे थांबलो आहे, आणि आत आमच्या कुटुंबाने दुसऱ्यांदा आधण ठेवल्याचा आवाज येतो आहे, तेव्हा उठून चहाची पावडर मीच टाकतो.